पाहुणीला सोसेल असं

पाहुणा देवासमान असतो, हे रेणापूरच्या भगवानरावांच्या घरात कुणाला शिकवावं लागत नव्हतं. अडचण एवढीच, की देवाला दाखवलेला नैवेद्य नंतर आपल्याला खाता येतो; पोलंडची आगाता मात्र समोर मांडी घालून बसायची आणि ताट पुसून उठायची.

शेतीच्या अभ्यासासाठी ती दोन महिने त्यांच्याकडे राहायला आली होती. तिचं मन इथं रमलं, तर भगवानरावांचा मुलगा माउली पुढच्या शिक्षणाला पोलंडात तिच्या आईवडिलांकडे राहणार होता. त्याच्या आईचा, कावेरीबाईंचा, सगळा जीव त्यात अडकलेला. पोरगी उपाशी राहिली, की पोराचं परदेश गेलं.

"तिखटानं ह्या लोकांची आतडी जळतेत, मामी," भाचा दयानंद पहिल्याच दिवशी म्हणाला. तो एकदा हैदराबादचं विमानतळ बाहेरून बघून आला होता, त्यामुळे परदेशाच्या बाबतीत त्याचाच शब्द चालायचा.

म्हणून कावेरीबाईंनी खिमट शिजवलं. दात न आलेल्या लेकराला भरवतात ते, तांदूळ-मुगाचं, मऊ, बिनतिखटाचं. पण पाहुणीला एकटीला वेगळं वाढणं बरं दिसतं का? तेव्हा सगळं घर तिच्या पंगतीला बसून खिमट खाऊ लागलं. ती हात धुवायला उठली, की एकेक जण गोठ्याकडे सटकायचा. तिथं कडब्याच्या आडोशाला भाकरी, ठेचा आणि येसराच्या मसाल्याची झणझणीत आमटी मांडलेली असायची.

"किती दिस गं हे?" भगवानराव एकदा घास गिळत म्हणाले. "म्हशी बी आता माझ्याकडं बघून राहिल्यात."

"पोराचं भलं व्हावं वाटतंय न्हवं? मग गुमान खावा."

एका दुपारी सगळे पकडलेच गेले असते. ठेच्याचा ठसका लागून माउलीच्या डोळ्यांतून धारा लागल्या आणि नेमकी आगाता गोठ्याच्या दारात उभी. दयानंदनं भाकरी पाठीमागं लपवली.

"माउली रडतो?" तिनं नव्यानं शिकलेल्या मराठीत विचारलं.

"तू जाणार म्हणून," कावेरीबाई म्हणाल्या.

आगाताचेही डोळे भरून आले.

निघायच्या आदल्या दिवशी तिनं खिमटाच्या दोन वाट्या संपवल्या आणि कावेरीबाईंचा हात धरला. "आई, माझी आई हो म्हणाली. माउली आमच्याकडेच राहणार."

कावेरीबाईंनी तिच्यावरून कडाकडा बोटं मोडली. मग पदर डोळ्यांना लावला. "पन लेकराच्या खाण्याचं कसं गं बाई? लई नखरे हायत त्याचे. तिकडं त्याला घरचं कोण करून घालणार?"

"काळजी नको," आगाता म्हणाली आणि तिनं फोन समोर धरला. पडद्यावर एक गोरी, हसरी बाई पातेलं तिरकं करून दाखवत होती. आत खिमट रटरटत होतं.

"तुम्ही सगळे रोज खाता ते मी तिला शिकवलं. घरातली मिरची, मिरी, सगळं तिनं शेजाऱ्यांना देऊन टाकलं. आता माउलीसोबत माझे आईबाबाही रोज हेच खाणार. त्याला एकटं वाटायला नको."

माउलीचं शिक्षण दोन वर्षांचं होतं.