दोन तरी ठेवू

“दोन तरी ठेवू,” साहेब म्हणाले. “सहाच्या सहा मोठी विमानं एकदम झाकून उभी केली, तर लोक म्हणतील कंपनी बुडाली. दारात हत्ती झुलतोय तोवरच घराला घर म्हणतात.”

टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रवासी निम्म्यावर आले होते. कोणती विमानं उडवायची आणि कोणती नेऊन उभी करायची, हे आज ठरवायचं होतं. लहान विमानांचं पटकन उरकलं. ज्यांची मोठी दुरुस्ती तोंडावर आली होती ती उभी करायची, ज्यांची नुकतीच झाली होती ती उडवायची. घोडं अडलं ते मोठ्या विमानांपाशी.

हिशेबवाल्यांनी चष्मा काढून पुसला. गेलं वर्षभर ते या विमानांच्या नावानं बोटं मोडत होते, पण साहेबांसमोर त्यांची बोटं कधीच मोडत नसत.

“काय मॅडम?” साहेब हसून वळले. “दोन ठेवली की तुमच्या घरीही बरं पडेल.”

मॅडम म्हणजे विमानांचं नियोजन बघणारी बाई. घरी तिला ताई म्हणत. तिची धाकटी बहीण त्या मोठ्या विमानांवर कॅप्टन होती, आणि दारावरच्या शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना हे ठाऊक होतं. वैमानिकाला ज्या जातीच्या विमानाचा परवाना, तेच त्याला उडवता येतं. लहान विमानांवर आधीच माणसं जास्त झाली होती, म्हणजे सहाही उभी राहिली की धाकटी घरी बसणार. दोन उडत राहिली तर दहा कॅप्टन लागणार होते, आणि ज्येष्ठतेत धाकटी आठवी होती.

ताईला काही करायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. मौनं सर्वार्थसाधनम् म्हणतात. इथे तर सगळे अर्थ घरातच साधणार होते. तिने पाण्याचा घोट घेतला. काय बोलायचं ते ती सकाळीच ठरवून आली होती आणि आता जीभ उचलत नव्हती, याचा तिला स्वतःचाच राग आला.

“साहेब, ठेवायची तर सहाही ठेवा,” ती म्हणाली. “नाहीतर एकही नको.”

“म्हणजे?”

“म्हशी दोनच ठेवल्या तरी गोठा तोच आणि गवळी तोच. या विमानांचे सुटे भाग वेगळे, मेकॅनिक वेगळे, वैमानिकांना शिकवणारे वेगळे. सहा जणांचा संसार दोघांच्या डोक्यावर येणार. त्यात एक बिघडलं, तर त्याच्या जागी पाठवायला दुसरं मोकळं नसेल. मग लहान विमानांच्या पोटाला चिमटा काढून हे पैसे आणायचे. सहा महिन्यांनी मी याच खुर्चीत बसून तुम्हाला सांगेन, अजून चार लहान विमानं उभी करा. त्यांच्यावरही माणसं आहेत, साहेब.”

साहेबांनी हिशेबवाल्यांकडे पाहिलं. आता हिशेबवाल्यांना कंठ फुटला. “मॅडम म्हणतात त्यात तथ्य आहे,” ते म्हणाले, आणि आपण बोललो याचं त्यांनाच नवल वाटलं.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

“सहाही उभी करा,” शेवटी ते म्हणाले. उठताना ते ताईच्या खुर्चीपाशी थांबले. “तुमचं काळीज मात्र दगडाचं आहे हो.”

लिफ्टमध्ये कोणी भेटू नये म्हणून ती जिन्यानं खाली उतरली. मधल्या मजल्यावर कोणी नाही असं पाहून तिने डोळे पुसले आणि मग उरलेल्या पायऱ्या उतरली.

ती घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. आई ताटं मांडत होती. धाकटी टेबलाशी बसली होती, फोन पालथा घालून.

“अगं, विमानं काय कायमची बसवतात का?” आई तिची समजूत घालत होती. “दिवस पालटले की उठवतील.”

“बसवायला दोन दिवस लागतात, आई. उठवायची मग कुणाची छाती होत नाही.”

ताई हात धुऊन आली.

“साहेब दोन ठेवणार होते म्हणे,” धाकटी तिच्याकडे न बघता म्हणाली.

“हो.”

“मोडता तू घातलास.”

“हो.”

आईच्या हातातला डाव तसाच राहिला. “तू? अगं, सख्खी बहीण ना तू तिची?”

“आई, थांब.” धाकटीचा आवाज कामावरचा होता. “ताई, हिशेब कच्चा नव्हता ना?”

“नाही गं. तुझ्यासाठी मी तो उलटासुलटा करून पाहिला. कुठूनही दोन ठेवणं जमेना.”

धाकटीने पालथा फोन बाजूला सारला.

“कॅप्टन चुकतोय हे दिसत असताना शेजारचा वैमानिक गप्प बसला,” ती म्हणाली, “तर मी त्याच्याबरोबर पुन्हा उडत नाही. तू बोललीस ते बरोबर केलंस.”

ताईचा जीव भांड्यात पडला. तिने रोजच्यासारखी धाकटीच्या शेजारची खुर्ची ओढली.

“आज तिकडे बस, ताई,” धाकटी म्हणाली. “तुझ्या शेजारी बसून आज मला जेववणार नाही.”