वेढ्याच्या चित्रातला धूर

सरदारांचं बोट चित्रातल्या तोफांवरून, हत्तींवरून सरकत वर गडात गेलं आणि एका चुलीपाशी थांबलं.

"हा धूर आम्ही रोज खालून पाहायचो. वाटायचं, गडावर अजून दाणागोटा आहे. पण ह्या चुलीवर भांडंच नाही! बाई नुसताच ओला पाला जाळतेय."

चित्रकार हातातला कुंचला पुसू लागला. गडावरचं कुणी जिवंत सोडू नका, हा ह्याच सरदारांचा हुकूम होता.

"मनानंच काढलं, सरकार."

"मनानं?" सरदार आणखी वाकले. "आम्ही दरवाजा फोडून आत शिरलो, तेव्हा ती अशीच बसून मेली होती. हातात फुंकणी. कपाळावर हेच गोंदण."

चित्रकारानं कुंचला खाली ठेवला.

"आईनंच मला पाला आणायला तटाखाली उतरवलं होतं, सरकार. मी वर चढायच्या आत धूर थांबला."