झडती

खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला, आणि सेक्रेटरी वामन पाटलांनी माइक अस्मितापुढे धरला.

"आपल्या कामोठ्याची पोरगी बॉर्डरवर हाय. पोरांना ऐकायचंय. सांग काहीतरी थरारक!"

अस्मिता सीमा सुरक्षा दलात होती. बंगालच्या सीमेवर तिला चार वर्षं झाली होती. दोन दिवसांचा प्रवास करून ती कालच सुट्टीवर आली होती, आणि रात्रभर झोपूनही डोळे जडच होते. सोसायटीच्या हॉलमधल्या खुर्च्या भरलेल्या. मागच्या रांगेत तिची आई, गिरजाबाई, ठेवणीतली साडी नेसून बसलेली.

"थरारक असं काही नसतं," अस्मिता म्हणाली. "तिथं तारेचं कुंपण आहे. काही गावकऱ्यांची शेतं कुंपणापलीकडे आहेत, पण आपल्याच हद्दीत. सकाळी फाटक उघडलं की ती माणसं कामाला जातात. संध्याकाळी पाचला फाटक बंद. बायकांची झडती मी घेते. जाताना एकदा, येताना एकदा."

"आणि घुसखोर?" कुणीतरी विचारलं.

तिनं खांद्यावरची शाल सावरली.

"एकदा एका म्हातारीला उशीर झाला. शेतात पाय मुरगळला होता. लंगडत पोचली तोवर कुलूप लागलेलं. रोज तिचं ओळखपत्र मीच जमा करून घेते, नंबर पाठ आहे. पण हुकमाशिवाय फाटक उघडता येत नाही. साहेबांना फोन लावला. हुकूम यायला दीड तास गेला. तेवढा वेळ ती तारेच्या त्या बाजूला बसून, मी या बाजूला उभी."

"मग?"

"मग उघडलं. झडती तर घ्यावीच लागते. तिनं न सांगता हात वर केले, आणि तशीच माझ्या खांद्यावर डोकं टाकून उभी राहिली. कनवटीला मूठभर मिरच्या निघाल्या. बाकी काही नाही."

पाटलांनी घसा खाकरला.

"म्हंजे, गोली वगैरे नाय चालवली?"

"नाही, काका."

मग टाळ्या वाजल्या.

दोघी घराकडे निघाल्या. निम्म्या रस्त्यात गिरजाबाई दमल्या. उन्हातच थांबून त्यांनी श्वास घेतला.

"आमच्या गोदामात बी काम सुटताना झडती घेतेत. गेटवरची पोरगी तुझ्याच वयाची हाय. सहा वर्षं झाली, माझ्या तोंडाकडं एकदा बघितलं नाही तिनं." त्या लेकीकडे वळल्या. "तू बघतीस का गं, त्या बायांच्या तोंडाकडं?"

अस्मितानं नारळ या हातातून त्या हातात घेतला.

"पहिल्या वर्षी बघायचे," ती म्हणाली.