किनाऱ्यावरचा हात

स्कॉटलंडमधल्या त्या खाडीला रस्ता नाही, बोटीनेच जावं लागतं. माझ्या बायकोला, मंजिरीला, तिथे एकदा जायचं होतं. ते राहून गेलं. म्हणून आमची मुलगी ईरा आणि मी, दोघांनी तिच्या अस्थी तिथेच सोडल्या आणि किनाऱ्याकडे पाठ करून बोटीत बसलो. बोटवाल्याने इंजिन सुरू करून लगेच बंद केलं. “अहो, तुमची एक बाई किनाऱ्यावरच राहिली,” तो म्हणाला. आम्ही दोघंच आलो होतो. मी वळणार तेवढ्यात ईराने माझा हात घट्ट धरला. “बाबा, डोन्ट. अस्थी सोडल्यावर मागे बघायचं नाही, गुरुजींनी सांगितलंय. आई अडकून पडेल.” मी पुढेच बघत बोटवाल्याला विचारलं, “कशी दिसते?” “निळा कोट, लांब वेणी.” मंजिरीचा तो कोट मी मागच्याच आठवड्यात मिल्टन कीन्सच्या चॅरिटी शॉपमध्ये दिला होता. “काय करतेय ती?” त्याने आमच्यापुढे येऊन हात लांब केला, तळवा खाली ठेवला आणि चारही बोटं दोनतीनदा आत ओढली. “बाय म्हणतेय.” ईराला रडू फुटलं. “बाबा, आई टाटा करतेय. शी इज फाइन नाउ.” ईरा इंग्लंडमध्येच जन्मली, तिला तसंच वाटणार. मंजिरी जेवायला बोलवायची तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून असाच हात हलवायची. आमच्याकडे त्या खुणेचा अर्थ ‘इकडे या’ असा असतो. “हो गं, टाटाच करतेय,” मी ईराला म्हणालो. मग बोटवाल्याला सांगितलं, “चला, ती आमच्याबरोबर नाही.”