नाव घातलेला पेला

“या पाण्याला वास येतो,” म्हणत सात वर्षांच्या अन्वीने तांब्याचा पेला पुन्हा दूर सारला. अपेंडिक्सचं ऑपरेशन झाल्यापासून ती धड पाणीच पीत नव्हती. तिच्या आईचा, वनिताचा, जीव खालीवर होत होता.

औषधांनी जंतू मरेनासे झाले, तेव्हापासून त्या वॉर्डात खाटांच्या कठड्यांपासून दाराच्या कडीपर्यंत सगळं तांब्याचं होतं. तांब्यावर जंतू थोड्या वेळात मरत. स्टीलवर मात्र कित्येक दिवस तग धरत. म्हणून स्टीलचं भांडं आत न्यायला बंदी होती. तरीही संध्याकाळी वनिताने अन्वीचा, नाव घातलेला स्टीलचा पेला पदराआड लपवून आणला. पोरगी गटागटा पाणी प्यायली, हसलीसुद्धा.

दोन दिवसांनी तिला ताप भरला. टाके चिघळले. उशीखाली पेला सापडला, तेव्हा वॉर्डातल्या थोरात सिस्टरांनी त्यावरचं नाव वाचलं.

“घरून आणलात?”

“उकळत्या पाण्यातून काढला होता हो,” वनिता म्हणाली.

“आणताना स्वच्छच असेल. पण इथे किती जणांचे हात लागले त्याला?”

“आता काय द्याल तिला?”

सिस्टरांनी औषधांचा ट्रे बाजूला सारला. तेवढ्यात अन्वीने डोळे न उघडताच पाणी मागितलं. वनिताने घाईघाईने तांब्याचा पेला उचलला. सिस्टरांनी तो तिच्या हातातून हळूच काढून घेतला, स्टीलचा भरला आणि पुढे केला.

“यातूनच पाजा. तिला आवडतो ना.”

वनिता समजायचं ते समजली. तिने लेकीची मान अलगद उचलली आणि पेला ओठांना लावला.