फुलदाणीपुढची पाटी

प्रदर्शनातल्या प्रत्येक फुलदाणीपुढच्या पाटीवर आपलं एकटीचंच नाव बघून काचवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नणंदेचं नाव कुठेच नव्हतं. अकरा वर्षं भट्टीपुढे दोघी मिळून काच फुंकून फुलदाण्या घडवत होत्या. घरी अबोला असला तरी भट्टीपुढे हिच्या मनात काचेचं वळण यायचा अवकाश, तिचा हात वळलेला असायचा. त्या आनंदापायी तर दोघी रोज भट्टीवर जात.

"अहो, कलाकार एकच असतो. त्या तुमच्या मदतनीस," आयोजक हसत म्हणाला. "आता प्रात्यक्षिकाच्या वेळीही त्यांना जरा बाजूला उभं करा. फोटोत गर्दी होते."

"वहिनी, जाऊ दे ना. कशाला तमाशा?" नणंद पुटपुटली.

"तू सळई खाली ठेव आणि गप्प उभी राहा!" ती कडाडली.

मग तिने एकटीने टोकाला वितळलेली काच घेतलेली नळी फिरवली, फुंकली, आकार दिला. फुलदाणी देखणी झाली. पाहुणे पुढे सरकले. आता ती नळीपासून सोडवायची होती. दर वेळी इथेच नणंद आपली सळई तिच्या बुडाला चिकटवून ती तोलून धरायची. आज तिथे कुणी नव्हतं. काचवालीने नळीवर ठोका मारला, आणि फुलदाणी आयोजकाच्या बुटांपुढे आपटून फुटली.

"हे माझं एकटीचं काम," ती म्हणाली. "लावा त्याच्यापुढे पाटी."