युद्धोपयोगी घेवडा

महायुद्ध जिंकायचं तर प्रत्येकाने आपापल्या परीने झिजलं पाहिजे, असं वाईच्या विष्णुपंतांचं ठाम मत होतं. त्यांच्या परीने घरामागे अर्धा गुंठा घेवडा होता, आणि झिजायला हरणाबाई होती.

घेवडा बुटका. वेल नाही, मांडव नाही, गुडघ्याएवढी झुडपं. आज श्रावणातल्या सकाळी मामलेदार तो बघायला यायचे होते. तालुक्याच्या अन्नसमितीला अध्यक्ष नेमायचा होता, आणि ते पद पिकवणाऱ्याकडे जावं, हे विष्णुपंतांना स्वाभाविक वाटत होतं.

"अहो, मामलेदारांना खायला काय करू?" शरयूबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं. "घेवड्याची उसळ टाकू का थोडी?"

"चातुर्मासात घेवडा? या घरात?"

"मग ज्येष्ठात पेरलात कशाला?"

"सरकारी पत्रकात पेरायचा महिना दिला होता," विष्णुपंत म्हणाले. "खायचा नव्हता."

पंतांनी उत्तर दिलं की वाद संपतो, प्रश्न तेवढा उरतो, हे शरयूबाईंना पंचवीस वर्षांच्या संसारात समजलं होतं. पेरणीचा मुहूर्त पंतांनी स्वतः पंचांगातून काढला होता. त्याच पंचांगात तीन आठवड्यांनी आषाढी एकादशी होती. पण ते पान वेगळं होतं. आता आळीत घरोघरी चार महिने घेवडा न खाण्याचा नेम सुरू होता, आणि शेंगा घरात शिजत नव्हत्या, शेजारी जात नव्हत्या. नुसत्या लोंबत होत्या.

हरणाबाई म्हशीखालचं शेण काढून, हात धुऊन वाफ्याच्या कडेला येऊन उभी राहिली. तिच्या घरी चातुर्मास नव्हता. भाजीही नव्हती. रेशनची ज्वारी आणि मिरची होती. तिचा थोरला, नाथाजी, पलटणीबरोबर ब्रह्मदेशाच्या बाजूला होता. पण त्याला कोणी युद्धकार्य म्हणत नसे, नोकरी म्हणत. माघात तो रजेवर येऊन गेला होता. त्याच्या बायकोला, अंजनाला, आता सातवा लागला होता.

"पंत, वंजळभर शेंगा न्हेऊ का? सुनंला डव्हाळं लागल्यात घेवड्याचं. भाकरी समूर ठेवली की तोंड फिरवतीया."

ही तिची चौथी खेप होती.

"हरणाबाई, या शेंगा नाहीत. हे प्रात्यक्षिक आहे."

"आवं पर शेंग तोडली न्हाई की झाड म्हातारं हुतंय. तोडली तर पुन्ना फुलतंय. आन् ह्या पावसात दाना बी टिकायचा न्हाई, आतल्या आत कुजतोय. तुमच्या कागदात न्हाई व्हय तसं लिवलेलं?"

होतं. मागच्या बाजूला. पण विष्णुपंतांनी पत्रक ओसरीच्या भिंतीला खळीने चिकटवलं होतं, आणि त्याची पुढची बाजू पुढे होती.

"मामलेदार येऊन जाऊ देत," ते म्हणाले. "भरलेलं झाड दिसलं पाहिजे."

"पंधरा दिस झालं, ह्येच सांगताय."

"पंधरा दिवस थांबलीस, तर तासभर थांब."

मामलेदार अकराला आले. मोटार दारात थांबली, इंजिन चालूच राहिलं. परसातला चिखल बघून ते पडवीतच उभे राहिले. विष्णुपंतांनी तिथूनच बोट दाखवलं. लांबून झुडपांवर पिवळट काहीतरी दिसत होतं.

"छान. चवीला कसा आहे?"

"आमचा चातुर्मास आहे."

"मग खाल्ला कोणी?"

"कोणीही नाही," विष्णुपंत म्हणाले. "एक शेंग तुटू दिली नाही."

मामलेदारांनी जरा वेळ त्यांच्याकडे पाहिलं. मग घड्याळाकडे पाहिलं.

"अध्यक्षपदाचं तुमचं झालंय, पंत. हुकूम गेल्या महिन्यातच निघाला. टपालात कुठे अडकला असेल."

"म्हणजे, घेवड्याची वार्ता साताऱ्यापर्यंत..."

"छे छे. दुसऱ्या कोणाचा अर्जच नव्हता."

मोटार गेली. विष्णुपंत थोडा वेळ दारात अध्यक्ष म्हणून उभे राहिले. रस्त्यावर एक गाढव होतं, ते बाजूला झालं नाही. मग ते परसात आले. पद मिळालं की माणसाचं मन मोठं होतं. त्यांचंही वीतभर झालं होतं.

"हरणाबाई, आता ने. ओंजळभर कशाला, सगळ्या ने. आणि अंजनाला सांग, पंतांनी दिल्या म्हणून."

हरणाबाईने वाकून एक शेंग तोडली. ती कडकन मोडली नाही, चिंधीसारखी पिळली गेली. शिरेचा दोरा बोटाला गुंडाळला गेला. तिने नखाने शेंग उकलली. दाणे काळे पडले होते, आणि एकात अळी होती. तिने दुसरी उकलली, तिसरी उकलली. मग पदराची केलेली झोळी सोडून दिली.

"आता म्हशीलाच हुत्यात ह्या," ती म्हणाली.

म्हैस विष्णुपंतांची होती.